वरच्या आडाची सफाई

साफ झालं म्हनं! गावाचं पानी साफ झालं म्हनं! मग सकाळधरनं चुलीवर उड्या मारायली ती माझी तुरीची डाळ कामून शिजंना, हे सांगा की कुनीतरी! गुलबर्ग्याची डाळ हाय बाई, नुसत्या वाफेनं विरघळती, आन आज एकेक दाना डोळे वटारून माझ्याकडंच बघायलाय... आन दारात बसलीय माझी सून शोभा, दिवस भरत आलेले तिचे, ती म्हनायलीय, "आत्या, पानी द्या की." काय देऊ?

तुमाला सांगते, पहिल्यांदा डाळ रुसली ती निलम्माची. निलम्मा म्हंजे वीरण्णा पाटलाची बायको, वरच्या गल्लीतली. तिथंच मोठा आड, सगळं गाव त्याच्यावर पितं... आमचं भीमनगर सोडून! आमाला तिथं दोर टाकायची सोय न्हाई. बसवण्णांनी समद्यांना एक म्हनलं व्हय, पर घागरीला कुनी सांगितलंच न्हाई! म्हनून बहात्तरच्या दुष्काळात आमच्या मान्सांनी खाली नाल्याकाठी आपला आड खनला. पानी लागलं ते असं, उसाच्या रसावानी.

मग माळावर आली फॅक्टरी. कसलीतर पावडर करायची आन पिवळं पानी मागच्या खदानीत सोडायची. जमिनीच्या पोटात काय चाललंय, कुनाला दिसतंय व्हय? काही पावसाळे गेले आन वरच्या आडाला दवाखान्याचा वास सुटला. आडातली कबुतरं उडाली, ती परत आलीच न्हाईत. निलम्माची डाळ शिजंना. मग तिच्या सुनेचं लेकरू पोटातल्या पोटात गेलं... तवा गावाला घाम फुटला.

आन मग बघा मजा! जलमभर मला "ए म्हातारे, लांबून, लांबून!" म्हननारी निलम्मा, ती घागर घेऊन आमच्या आडावर! "अक्का... ओ अक्का... घेऊ का वं घागरभर?" मी म्हनलं, "घ्या की. पान्याला आमच्या जात न्हाई, तुमच्या घागरीला असंल तर घासून घ्या!" हसली बिचारी. रडलीबी. तिच्यामागं सगळी वरची गल्ली. इतकी गोड बोलायली मान्सं, की मलाच भ्या वाटायलं.

तेवढ्यात बिदरहून सायब आला. "आड उपसा, औषध टाका, पानी साफ!" इंजिन आलं, हत्तीच्या सोंडंवानी पाइप आला. पाइपाचं तोंड कुनीकडं वळायलंय ते बघितलं आन मी पळतच वर गेले. वीरण्णा बाजंवर पान लावत बसलेला.

"अप्पा, ही घान कुठं सोडायलाव?"

"खालच्या नाल्यात."

"कामून?"

"कामून म्हंजे? घान खालच्या अंगालाच जाती की, म्हातारे! बापजाद्यापासून तिकडंच जायलीय."

"आवो पर, तुमची निलम्मा आत्ता तिथंच घागर भरायलीय की!"

पान हातातच राहिलं बघा त्याचं. कायतरी उजेड पडल्यावानी वाटला तोंडावर... मग म्हनतो कसा, "मग कुठं सोडू, माझ्या तुरीत?" आन सायब खाली वाकून, लाडानं, "काळजी करू नका आजी, जमीन पानी गाळून घेती." गाळून घेती! जमीन काय चहाची गाळनी हाय व्हय? तशी असती तर खदानीतलं पानी वरच्या आडात आलंच कसं असतं? ते विचारायच्या आत इंजिन असं भडभडलं, की माझं मलाच ऐकू येईना.

नाला पिवळा झाला. वरचा आड कोरडाठन्न केला, औषध टाकलं, नारळ फोडला, हलगी वाजली... साफ झालं हो, पानी साफ झालं! आन मग आड भरला की परत. कुठनं भरला? त्याच पोटातनं. त्याच वासाचा.

आज सकाळी निलम्मा आमच्या आडावर आली. मी दोर वढला. तिनं हुंगलं, मी हुंगलं. दवाखाना. ती घागर रिकामीच घेऊन गेली... आन मी भरून आनली, घरात दुसरं हाय काय?

शोभा परत हाक मारायलीय बघा. "आत्या, पानी..."

माझा बाप छप्पन साली दीक्षा घेऊन आला तवा म्हनला व्हता, "पोरी, बघशील तू, एक दिवस सगळं गाव एकच पानी पिईल."

पियायलंय की, बाबा.