गोपालनं गेम पारखला

नवा बंदुकीचा गेम घ्यायचा असन तं घ्या, पण घेतल्याचं कोणाले सांगू नका. मी सांगतलं. माहा दोस्त गोपाल, आमच्या डोणगावचाच, त्याच दिवशी संध्याकाळी घरी हजर. म्हणे, "मलेही घ्याचा हाय. पण घेण्यासारखा हाय का?"

मी म्हणलं, "चांगला हाय, घे."

"असा कसा घेऊ बे? बैल घेतानी वखराले जुंपून पाहतो का नाही आपण? मंग याले काऊन नाही?"

मले पटलं. तिथंच फसलो. रिमोट त्याच्या हातात गेला तो गेलाच. रोज जेवण झालं का हा येऊन बसे अन् गोळ्या झाडे. मी बाजूले बसून नुसता पाहत राह्यलो. माह्याच घरी माहाच नंबर लागेना.

परवा त्यानं रिमोट खाली ठेवला. म्हणे, "नाही घेत राजा. संपला. अन् शेवटी त्या हिरोचा सायबच गद्दार निघते, काही मजा नाही."

मी अजून दुसऱ्या लेव्हललेच अटकलेलो. डोकंच सणकलं माह्यं. म्हणलं, "अबे, बैल पाहाले एखादा फेरा मारतेत. तू तं पुरं वावर वखरून काढलं."

चप्पल घालता घालता तो म्हणे, "पण वावर कोणाचं वखरलं? तुह्यंच ना?"