चाळीस मिनिटं, एकदाच

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आठवडाभर आपले दात तपासणारे आणि रविवारी आपल्याबरोबर पाण्यात उतरणारे दंतवैद्यसाहेब. प्रमुख पाहुण्या, बंदरावरच्या अधिकारी बाई. आजच्या सत्कारमूर्ती, तीस वर्षं या पाणबुडी मंडळाच्या प्रत्येक फेरीचं नियोजन करणारी माझी सख्खी आत्या. बोटवाले काका, सिलिंडर भरून भरून ज्यांच्या कानात कायमचा कॉम्प्रेसर बसला आहे ते माझे बाबा, आणि जमलेल्या सर्व पाणबुड्यांनो,

आपणा सर्वांना माझा नमस्कार.

घरी मी तिला ‘अगं आत्या’ म्हणते. आज ‘त्या’ म्हणायचं ठरवून आले होते, काल आरशासमोर सरावही केला. पण माझ्याने ते निभणार नाही. एकेरी आलं तर राग मानू नका.

मला दहा मिनिटं दिली आहेत. घड्याळ समोर ठेवलं आहे. मध्येच खिडकीकडे पाहिलं तर ते आपल्याला कंटाळून नव्हे. गच्चीवरचा झेंडा दिसतो इथून, आणि दुपारपासून वारा जरा फिरला आहे. उद्या सकाळी ‘तीन पायऱ्या’वर फेरी आहे. आत्या निवृत्त झाल्यानंतरची पहिली. नियोजन माझ्याकडे आहे. त्यामुळे माझं शरीर इथे आहे आणि डोकं उद्या सकाळी सात वाजता. क्षमस्व.

पाहुण्या बाईंसाठी सांगते. किनाऱ्यापासून बोटीने अर्ध्या तासावर समुद्रात प्रवाळाचा खडक आहे. तो तीन टप्प्यांनी खाली उतरतो, म्हणून आम्ही त्याला ‘तीन पायऱ्या’ म्हणतो. पहिली पायरी सहा मीटरवर, दुसरी बारावर, तिसरी अठरावर. पाणी अंघोळीला काढावं तसं कोमट. दुसऱ्या पायरीवर प्रवाळाचे जांभळे पंखे आहेत, माणसाएवढे उंच, आणि त्यांच्या आडोशाने बोटाएवढे पिवळे मासे आपल्याकडे असे पाहतात, जणू आपण न सांगता आलेले पाहुणे. इतकी देखणी जागा मी दुसरी पाहिलेली नाही. आणि इतकी फसवीसुद्धा. पण त्याकडे येते.

माझं शिक्षण आत्याकडे झालं. शाळेत नाव घातलं सातव्या वर्षी, पण त्याआधी वजाबाकी शिकले ती जेवणाच्या टेबलावर, सिलिंडरच्या जुन्या काट्यावर. आत्या काटा फिरवून दोनशेवर आणायची आणि विचारायची, “यात हवा किती?”

“दोनशे.”

“आपली किती?”

“दोनशे.”

“चूक. पन्नास आपले नाहीत. ते परत आणायचे. आता सांग, आपली किती?”

“दीडशे.”

“परत सांग.”

हे ‘परत सांग’ आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला आलेलं नाही? बोटवाले काका तर मागे तिला ‘परतसांग बाई’च म्हणतात. मागे म्हणजे, काका, तुम्हाला वाटतं मागे. तिला ठाऊक आहे. बोटीवर नियोजनाचा कागद जाण्याआधी ज्याने तो लिहिला त्याने आत्यासमोर उभं राहून सगळं तोंडी सांगायचं: किती जण, किती खोल, किती वेळ, कितीवर परत फिरायचं, वर येताना पाच मीटरवर थांबायची तीन मिनिटं धरली का. सांगून झालं की ती म्हणणार, “परत सांग.” दुसऱ्यांदा सांगताना माणूस वाचत नाही, विचार करतो, असं तिचं म्हणणं. बाबांनी एकदा चिडून विचारलं होतं, “ताई, मी काय पहिलीत आहे?” त्यावर ती म्हणाली, “पहिलीतली पोरं चुकली तर पट्टी खातात. तू चुकलास तर दुसरा कोणीतरी पाणी पितो.”

झेंडा अजून तसाच आहे. हं.

तर, थोडं पाण्याबद्दल. आपल्या तक्त्यात भरतीची वेळ छापलेली असते ती बंदरातली. बाहेर खडकापाशी पाणी थांबतं ते त्यानंतर चाळीस मिनिटांनी. थांबतं तेही पाऊण तासच. त्या पाऊण तासात लहान मूलही तिथे तरंगेल. तो सरला की पाणी ओढायला लागतं, आणि वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. म्हणून तक्त्यातल्या वेळेत चाळीस मिळवायचे. हे कुठे छापलेलं नाही. आत्याने सहा वर्षं दोरीला रिकामा डबा बांधून, बोटीत बसून, पाहून पाहून काढलेलं आहे. आज कोणी शाल दिली, कोणी श्रीफळ दिलं. माझ्या मते तिचं खरं मानपत्र म्हणजे ती चाळीस मिनिटं.

मानपत्राचं नाव निघालंच आहे, तर सांगते. त्या टेबलावर कापडाखाली जी चौकट आहे, तिच्यातला मजकूर कार्यकारिणीने ठरवला आणि टाईप मी केला. मंडळाचं टायपिंग माझ्याकडेच असतं. मजकूर सुंदर आहे. त्यात एक वाक्य आहे: ‘एका दुर्दैवी प्रसंगाचा अपवाद वगळता, आपल्या नियोजनात कधीही चूक झाली नाही.’

हे वाक्य टाईप करताना मी तीन वेळा उठून पाणी प्यायले.

अध्यक्षसाहेब, घड्याळाकडे पाहू नका, चार मिनिटं आहेत अजून. साडेतीन.

तो प्रसंग आपल्याला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी आठ जण आणि एक नवा प्रशिक्षक तीन पायऱ्यांवर उतरले आणि बोटीपाशी वर आलेच नाहीत. पाण्याने त्यांना खडकावरून उचलून बाहेर नेलं. एक तास दहा मिनिटांनी ते सापडले, एकमेकांचे पट्टे धरून, मधोमध खुणेचा नारिंगी फुगा उभा करून. कोणाला इजा झाली नाही. तिसऱ्या रांगेत संगीताच्या बाई बसल्या आहेत, त्याही त्या आठांत होत्या. वर ओढल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, “काय हो, आमची बस चुकली की तुमची?” आम्ही सगळे हसलो. त्या त्यानंतर पुन्हा पाण्यात उतरल्या नाहीत. दर रविवारी धक्क्यावर येतात, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळतात, आणि घरी जातात.

मंडळाच्या नोंदवहीत त्या दिवसाखाली आत्याच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘नियोजनातली चूक माझी.’ खाली सही.

ती चूक तिची नव्हती. ती माझी होती.

आत्या, खाली बस असं खुणावू नकोस. मी बसणार नाही.

त्या आदल्या संध्याकाळी आत्याला सर्दी झाली होती. कान भरले, डोकं धरलेलं. सर्दीत पाण्यात उतरायचं नाही हा तिचाच नियम, म्हणून ती दुसऱ्या दिवशी बोटीवर जाणार नव्हती. तिने स्वयंपाकघरातल्या पाटीवर वेळ लिहिली, आठ दहा, आणि गोळी घेऊन झोपली. कागद तयार करायचं माझ्याकडे आलं. मी तक्ता काढला नाही. पाटीवर आठ दहा पाहिलं आणि मला घोर लागला. आत्याने चाळीस मिळवले असतील ना? सर्दीत राहून गेलं असेल तर? आणि मी, सुरक्षित असावं म्हणून, चाळीस मिळवले. तक्त्यात साडेसात होते. तिने आठ दहा केले. मी आठ पन्नास केले.

निष्काळजीपणाने हात सुटतो हे सगळ्यांना कळतं. माझा काळजीने सुटला.

आणि कागद बोटीवर जाण्याआधी तिला तोंडी सांगायचा नियम? मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते. ती घोरत होती. मला वाटलं, झोपू दे बिचारीला. एवढंच. दोन पावलं आत जाऊन “आत्या, आठ पन्नास” एवढं म्हटलं असतं, तर ती ताडकन उठून बसली असती.

सकाळी मी बोटीवर होते. आठ पन्नासला पाणी शांत दिसत होतं, कारण पाऊण तासातली शेवटची पाच मिनिटं शिल्लक होती. सगळे हसत उतरले. मग बुडबुडे एका बाजूला सरकायला लागले. मग दिसेनासे झाले. काकांनी इंजिन सुरू केलं. मी रडायला लागले तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरी, रडायचं मागाहून. आत्ता नुसतं नारिंगी बघ.” एक तास दहा मिनिटं मी नारिंगी बघत होते. अजूनही रस्त्यात कोणी नारिंगी कपड्यात दिसलं की मी वळून पाहते.

घरी आल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं. तिने पाटीकडे पाहिलं. म्हणाली, “मी नुसती वेळ लिहिली. चाळीस मिळवलेत हे लिहिलं नाही. दुसऱ्याला विचारात पाडणारी पाटी लिहिणारा चुकीचा असतो.” मी म्हटलं, “पण दुसऱ्यांदा मी मिळवले.” तर म्हणाली, “तू एकोणीस वर्षांची आहेस. तुझ्या नावावर हे आलं तर तुला पुन्हा कोणी कागदाला हात लावू देणार नाही. माझ्या नावावर आलं तर मला चहा कमी देतील.” आणि नोंदवही ओढून सही केली.

मी गप्प बसले. तीन वर्षं. त्या दिवसापासून पाटीवर वेळेपुढे ‘मिळवले’ असं लिहून दोघींनी सही करायची पद्धत पडली, हे आपण पाहिलं आहे. ती का पडली हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. गप्प बसायचं मला कोणी शिकवलं नव्हतं. तेवढं माझं मीच शिकले.

म्हणून, अध्यक्षसाहेब, एक विनंती. ते वाक्य असलेली चौकट तिच्या हातात देऊ नका. ती तिच्या बाहेरच्या खोलीत लागेल आणि येणारा-जाणारा ते वाक्य वाचेल. दुसरं पान माझ्या पर्समध्ये आहे: तेच मानपत्र, तेवढं वाक्य वगळून, त्याच कागदावर. मागची फळी चार स्क्रूंची आहे. स्क्रूड्रायव्हरही आणला आहे. आणि नोंदवहीत त्या सहीखाली माझी सही घालायची परवानगी द्या. त्यानंतर उद्याचं नियोजन माझ्याकडे ठेवायचं की नाही, ते कार्यकारिणीने आत्ता, इथेच ठरवावं. काढून घेतलंत तर मी पिशव्या सांभाळीन. संगीताच्या बाई, तुमच्या शेजारी जागा असेल तर.

काय म्हणालात, बाई? ... “पिशव्यांना मी एकटी पुरेशी आहे.” बरं.

आत्या काही म्हणते आहे. माईक नाही तिच्याकडे, मीच सांगते. ती म्हणते, “ते कार्यकारिणी बघेल. उद्याचं परत सांग.”

इथे? आत्ता? ... हो, सांगते.

उद्या. सहा जण आणि प्रशिक्षक. तक्त्यातली वेळ सहा पंचवीस. चाळीस मिळवले, एकदाच. सात पाच. सात पाचला सगळे पाण्यात, दुसऱ्या पायरीपर्यंतच. तिसरी नाही, कारण वारा फिरला आहे. पस्तीस मिनिटं, त्यातली शेवटची तीन मिनिटं पाच मीटरवर. काटा शंभरवर आला की परत फिरायचं. पन्नास आपले नाहीत. सात चाळीसला सगळे वर. सात पन्नासपर्यंत पाणी थांबलेलं, म्हणजे दहा मिनिटं हातात. पहाटे झेंडा आता आहे त्याहून ताठ दिसला, तर फेरी रद्द, आणि रद्द केल्याचं मी स्वतः प्रत्येकाला फोन करून सांगणार.

परत सांगू?

नको म्हणते आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा नको म्हणते आहे.

माझी वेळ संपली, उलट दीड मिनिट वर झालं. इतकं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्या बाईंचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. काका, नारिंगी बघायला लावलंत, त्याबद्दल तुमचे वेगळे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. पण नियोजनात चुकले, तर पोटात घालू नका. मी झोपलेली असले तरी दार ढकलून आत या, मला उठवा, आणि म्हणा, परत सांग.