जर्सीवरून कोट घालायचा नसतो

हॅलो?

हो, बोल फ्रीडा… जरा मोठ्यानं बोल गं, हात पिठात आहेत, फोन खांद्यात धरलाय… वारेनिके करतेय. उद्यासाठी… असं काय करतेस, उद्या कीगन येतोय ना जेवायला! त्याच्या हॉकीच्या संघाला एक दिवस सुट्टी आहे. चार तास गाडी हाकत येणार पोरगा, त्याला काय पाव-लोणी वाढू?… हो, पिठाच्या पारीत ताजं चीज भरून उकडायचं, वरून मलईचा रस्सा. आणि सॉसेज. त्याला दुसरं काही लागतच नाही.

मॅच? बघितली ना… म्हणजे बघून झाली माझी… हरले असतील, त्यात काय सांगायचं? या हिवाळ्यात जिंकलेत कधी?

कॉर्नी? तो गेलाय की शहरात. सकाळीच गेला, अर्नीच्या बसमधून. गावातले सगळे म्हातारे गेलेत… आमची तिकिटं कीगननंच पाठवलेली, अगदी बर्फाच्या मैदानाच्या काचेजवळची. माझं तिकीट मी शेजारच्या डिर्कला दिलं. मी गेले असते तर हे पीठ कोणी मळलं असतं?

काय घातलं होतं म्हणजे?… फ्रीडा, माझ्या नवऱ्याच्या कपड्यांची तुला कधीपासून पंचाईत?… जर्सी. दुसरं काय घालतो तो? कीगनचा चव्वेचाळीस नंबर. त्याच्या आत तीन स्वेटर, म्हणून पिंपासारखा दिसतो… कोट कुठला! कोट हा काय, माझ्या समोर खुंटीवर लोंबतोय. बाहेर उणे एकतीस आणि अर्नीच्या बसचा हीटर गेल्या वर्षापासून मेलेला. पण ऐकेल तर शपथ. 'जर्सीवरून कोट घालायचा नसतो हिल्डा, नंबर झाकला जातो.' चार वर्षं ऐकतेय. अरे, बसमध्ये कोण बघणार आहे तुझा नंबर? तर म्हणे, बस पेट्रोलला थांबते तिथले लोक बघतात.

का विचारतेस पण?… काही नाही कसं? तू काही नाही म्हणून फोन करणारी बाई नाहीस. त्याला काही झालं का?… छातीत दुखलं का? खरं सांग… नक्की?… बरं. मग?

हो, कीगनची चूक झाली, ती बघितली मी. चकती त्याच्याच काठीवर होती आणि त्यानं ती आंधळ्यासारखी मधोमध ढकलली, थेट त्यांच्या माणसाला. दिसलं मला… हो, हुर्यो उडवली. रोजच उडवतात. आता नवीन काय काढलंय ठाऊक आहे ना? त्यानं साधी चकती थांबवली तरी उभं राहून टाळ्या वाजवतात. चेष्टेच्या टाळ्या. परवा कोणीतरी रस्त्यावरचा नारिंगी शंकू घेऊन आला होता, त्यावर चव्वेचाळीस लिहून! म्हणे हासुद्धा असाच जागच्या जागी उभा राहतो.

मेल्यांनो, तुम्हीच चढवलात ना त्याला हरभऱ्याच्या झाडावर? मोठ्या संघानं निवडीच्या पहिल्याच फेरीत उचलला तेव्हा काय काय बोलले होते, आठव. शंभर वर्षांत असा बचावपटू झाला नाही म्हणे. उलटा स्केटिंग करत मागे जातो तेव्हा बर्फालाही कळत नाही म्हणे. आपल्या गावानं तरी काय कमी केलं? धान्याच्या कोठारावर घराएवढा चेहरा रंगवून ठेवला पोराचा. एकवीस वर्षांचा होता गं! दाढीसुद्धा धड आली नव्हती, रंगाऱ्यानं आपल्या मनानं काढली. आता रंग उडतोय तर कोणी शिडी लावायला तयार नाही.

माझा आवाज चढला नाहीये… बरं, चढलाय. मला त्याचे खांदे दिसतात ना फ्रीडा. चकती येताना दिसली की खांदे कानाला लागतात त्याचे. गणिताच्या परीक्षेच्या सकाळी असेच लागायचे. मी म्हणायचे, खांदे खाली, अंडं खा, मग जा. आता तिथे कोण सांगणार?

हं… मग?… जर्सी टाकली? टाकू दे. गेल्या महिन्यापासून टाकताहेत. एकानं अंगातली काढून बर्फावर भिरकावली, ती टीव्हीवर दाखवली, की पुढच्या मॅचला आणखी दोघं. इतकी वर्षं ज्याच्या नावाची घालून मिरवलात त्याच्याच पायाशी फेकायची! मी तर म्हणते अशा माणसांना आईनं…

कोण?

…काय म्हणालीस?

नाही. नाही गं. तू चष्मा लावला होतास का?… काचेजवळचे सगळे म्हातारे सारखेच दिसतात, फ्रीडा. पोट आणि टोपी… कसली टोपी?… पांढरा गोंडा असलेल्या निळ्या टोप्या काय कमी आहेत जगात?

…एका बाजूला कललेला गोंडा.

…हो. मीच विणलीय. गोंडा वाकडा बसला म्हणून उसवणार होते, तर म्हणाला राहू दे.

थांब, मला बसू दे… नाही, ठीक आहे मी. पीठ लागलं खुर्चीला, लागू दे… डिर्क शेजारीच बसला होता ना? त्यानं हात नाही धरला?… म्हणजे आधी उभा राहिला, मग डोक्यावरून काढली… टोपीपण निघाली?… मग टोपी परत घातली आणि मग फेकली? हो, तोच. तोच तो. दुसरा कोणी टोपी घालायला थांबला नसता.

अगं, पण कॉर्नी? ज्यानं त्याच्यासाठी गावाशी वैर घेतलं? सकाळची कॉफी सोडली त्यानं! तीस-पस्तीस वर्षं हॉटेलातल्या त्या टेबलावर बसत होता, तिथे कोणीतरी म्हणालं की कीगनला आता भंगारात काढा, तर कप तसाच ठेवून उठून आला. तेव्हापासून घरात पितो, माझ्या हातची, आणि रोज सांगतो पातळ आहे… रात्री जेवताना माझ्याशी भांडतो. मी नुसतं म्हटलं की पोरगा थकलाय, तर म्हणतो, 'तू पण? तू पण त्यांच्यातलीच?' अशा माणसानं फेकली?

सख्खा नाही म्हणून असं? फ्रीडा, हे तू बोलू नकोस. गावच्या ज्युनियर संघानं बाहेरगावची पोरं घराघरांत राहायला वाटली तेव्हा आमच्या दारात तो आला एक बॅग आणि चार काठ्या घेऊन. सोळा वर्षांचा. आई गाडीत बसून रडत होती, खाली उतरेना. तीन हिवाळे तळघरातल्या खोलीत राहिला. गाडी चालवायला कॉर्नीनं शिकवली. दाढी करायलापण, होती तेवढी… आम्हाला मूल झालं नाही याचं गावाला काय वाईट वाटायचं, ते त्या तीन वर्षांत कोणाला वाटलं नाही. मला तर नाहीच नाही.

पुढे सांग. मग काय झालं? काठीनं सरकवली असेल ना बाजूला? तसंच करतात. काठीनं ढकलायची आणि पुढे जायचं, मग साफ करणारा येऊन उचलतो…

हातानं उचलली?

…हातमोजा काढून?

बाही उलटून बघितली… कुठली बाही, फ्रीडा? नीट आठव. डावी की उजवी?… तुझ्या टीव्हीच्या डावीकडची नको सांगूस, त्याच्या…

डावी.

अगं बाई गं.

नाही, काही नाही… काही नाही कसं! हिरवा दोरा आहे तिथे. कोपरावर. ती दुकानातली जर्सी नव्हे गं, त्याच्या पहिल्या मॅचची आहे, मोठ्या संघातली पहिली. पडला तेव्हा कोपरावर फाटली. मॅच संपल्यावर आपल्या लोकांच्या बसपाशी धावत आला, घामानं ओला, आणि कॉर्नीच्या अंगावर टाकली. मी बसमध्येच शिवली. पांढरा दोरा नव्हता माझ्याकडे, हिरवा होता. कॉर्नी म्हणाला, 'हिल्डा, हिरवाच असू दे, म्हणजे लाखात ओळखू येईल.'

लाखात ओळखू येईल म्हणाला…

हं… हं, ऐकतेय… वर बघितलं. आणि कॉर्नी?… खाली बसला. नुसत्या स्वेटरवर… तोंड झाकून?… त्याला वाटलं असेल की साफ करणारा उचलेल. कचऱ्यात जाईल, कोणाला कळणारही नाही. त्याला काय ठाऊक की कीगनच येईल उचलायला.

आणि कीगननं काय केलं तिचं?… बाकावर नेली? मांडीवर घेऊन?… शेवटपर्यंत?… मग प्रशिक्षकानं पुन्हा उतरवलाच नाही… त्यानं मागितलं पण नसेल गं.

मी?… मी नाही बघितलं हे. कारण… अगं कारण बंद केला होता मी टीव्ही. तीनातला दुसरा भाग संपता संपता त्यानं ती चकती घालवली, आणि मी उठले. मला बघवेना… मी तुझ्यासारखी हौसेची बघणारी नाहीये ना! कीगन काय म्हणायचा ठाऊक आहे? 'हिल्डा, तू तुझ्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असलीस ना, की मला तिथे कळतं.' वेडेपणा. पण मी एक मॅच चुकवली नाही. दात काढला त्या दिवशीपण तोंडात कापूस घेऊन बसले होते. आणि आज उठून पीठ मळायला आले. मनात काय आलं सांगू? मनात आलं, हा आता काही सुधारत नाही.

हो, आलं मनात. माझ्या. आता कॉर्नीला कुठल्या तोंडानं बोलू? निदान त्यानं शेवटपर्यंत बघितली तरी.

उद्या येईल का गं तो?… नाही, तू सांग ना, तू असतीस तर आली असतीस?… खरं सांग म्हटलं म्हणून इतकं खरं नव्हतं सांगायचं.

अरे देवा, भांडं उतू गेलं… थांब, थांब… हाताला नाही लागलं. बंद केली शेगडी… हो, ऐकतेय, बोल…

फ्रीडा, थांब. दुसरा फोन येतोय.

…त्याचा आहे.

नाही, कॉर्नीचा नाही. त्याचा… मी नाही उचलत. काय बोलू त्याच्याशी? तुझ्या बापानं… मी काय म्हणाले आत्ता?… उचलते गं, ओरडू नकोस. ठेव तू. ठेव!

हॅलो?

कीगन?… हो रे राजा, मीच… घरातच. वारेनिके करतेय… नाही रे, रडतेय कुठे, कांदा आहे… तू जेवलास का काही?… खाऊन घे आधी.

मॅच?… हो, बघितली… नाही. नाही बघितली. तुझ्याशी खोटं नाही बोलत. दुसऱ्या भागानंतर बंद केला मी टीव्ही… 'बरं केलंस' काय रे? मला शिव्या दे चार… देत नाहीस कधी, हेच तर चुकतं तुझं.

कळलं मला. फ्रीडानं सांगितलं… कीगन, ऐक, तो माणूस…

बरं. नाही बोलत.

उद्या?… अच्छा… नाही, नाही, समजतं मला. सराव असेल तर असू दे… पुढच्या सुट्टीत. हो… हो, पुढच्या सुट्टीत ये… खोली आहे तशीच आहे, तुझ्या काठ्या कुठे जाताहेत?

कोण, कॉर्नी? नाही रे, अजून कुठला, बस आत्ता शहराबाहेर पडत असेल… कोट? कोट इथेच आहे, खुंटीवर. तुला ठाऊक आहे ना त्याचं… हो, तीन स्वेटर आहेत आत. पण हीटर बंद आहे…

तू बसपाशी गेला होतास? आज?… कोणी उतरलं?… डिर्कपण नाही?… आणि तो? तो खिडकीत होता?… बघितलं नाही त्यानं तुझ्याकडे. कसं बघेल रे.

मग?… अर्नीकडे काय दिलंस?… तुझा कोट? अरे मग तू काय घातलंस, उणे एकतीस आहे बाहेर!… गाडीपर्यंतच का होईना… वेड लागलंय का तुला? आणि तो घालणार आहे थोडाच! तो हट्टी, तुझ्याहून हट्टी. अर्नी घरापर्यंत सांगत बसेल आणि हा कोट मांडीवर घेऊन कुडकुडत येईल. त्याचं एकच, जर्सीवरून कोट घालायचा…

…काय?

पुन्हा सांग… हो, फोन करते त्याला. काय सांगू?

'आता झाकला जायला नंबर नाहीये. म्हणून कोट घाल.'

…हो. सांगते. अगदी असंच सांगते.

नाही, ओरडणार नाही त्याच्यावर… कीगन, ती जर्सी कुठाय? तुझ्याकडेच आहे?… असू दे. असू दे तुझ्याकडे. दोरा सुटला असेल कुठे तर… हॅलो?… पुढच्या सुट्टीत आण, मी शिवून देते, तोच दोरा आहे अजून…

कीगन?

हॅलो?

…वारेनिके गोठवून ठेवते रे मी.