पेटीवाल्याच्या गुडघ्यासाठी प्रार्थना

मानाचे अध्यक्षसाहेब, वर बसलेले पाहुणे, आपले पाळकसाहेब, पाळकबाई आणि समोरची सगळी मंडळी, सर्वांना सलाम. एवढं सेक्रेटरीबाईंनी लिहून दिलं होतं, ते वाचलं. पुढचं माझं मी बोलते. चौथीपर्यंतच शिकलेय, तेव्हा सांभाळून घ्या.

मी पाळकसाहेबांच्या घरी झाडलोट, भांडी करते. साहेब दोन वर्षांपूर्वी इथं आले. आले कसले, वरच्या ऑफिसनं पाठवले. त्याआधी अकरा वर्षं ते दुसऱ्या मंडळीत होते. पहिल्याच महिन्यात काय झालं, आठवतं ना? आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालली होती. साहेब डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, आमच्या पेटीवाल्याच्या गुडघ्याला आराम दे." आपले गाण्यांना पेटी वाजवणारे काका ताडकन उठले, "माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?" अख्खी मंडळी हसली. गुडघा तिकडच्या पेटीवाल्याचा होता!

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मी विचारलंच, "साहेब, जीव तिकडंच अडकलाय का?"

"अगं, उपदेशाला उभा राहिलो की दुसऱ्या बाकावर तिथली शिंपीण शोधतो. बरोबर मध्यावर जांभई द्यायची. इथं कुणी देत नाही, चुकल्यासारखं होतं."

"मग आम्ही कोण?" मला रागच आला.

"तुम्हीही माझीच. तुला दुसरं लेकरू झालं की मग विचार, पहिलं विसरता येतं का."

पाळकबाई आतून म्हणाल्या, "तिकडच्या एकेका घराची आठवण काढत जेवतात. ताट गार होतं रोज."

माझ्या पोरीच्या काळजाला भोक आहे, तुम्हाला माहीतच आहे. वर्षभर दवाखान्याच्या बाकड्यावर साहेब माझ्याशेजारी बसले. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. आणि आता साहेबांना तिकडचं बोलावणं आलंय. तुम्ही निरोपाचे हार आणलेत, पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. या रविवारी साहेब तिकडं हजर झाले नाहीत, तर तिथं दुसरा पाळक नेमणार. आणि साहेब म्हणतात, पोरीचं ऑपरेशन होईपर्यंत हलणार नाही. परवा पाळकबाई रडत होत्या, तेव्हा मला कळलं.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी कागदावर सही मागितली तेव्हा मला माझं नावसुद्धा आठवेना. म्हटलं, साहेब राहू देत इथंच. कुणाचं काय जातंय?

पण जातंय ना. तिकडं माणसं वाट बघत असतील. साहेबांचा तर दोन वर्षं घास घशाखाली उतरला नाही. मी कशी अडवू?

साहेब, मान हलवू नका, ऐका. मंडळी, मी आजवर कुणाला विचारलं नाही, लाज वाटायची. आज विचारते. गुरुवारी सकाळी माझ्यासोबत दवाखान्यात कोण बसेल? हात वर करा.

अगंबाई. आत्याबाई, तुम्हीसुद्धा? अध्यक्षसाहेब, तुम्ही राहू द्या हो, तुमचं वय झालंय. बरं, या.

बघितलंत साहेब? भीती तर माझी तुम्ही थांबलात तरी जाणार नाही. तेव्हा उद्याच्या गाडीनं निघा.

मला बोलू दिलंत, तुमचे सगळ्यांचे आभार. घरातलं इथं बोलले, पाळकबाई रागावू नका. आणखी काही वेडंवाकडं बोलले असेन तर पदरात घ्या.