म्हातारा खुंट

सांगतो ना गा, सांगतो! तोंडात बोळा कोंबलेला, बोलायची बंदी, तरी हातवारे करकरून मलेच विचारून राहिला — बाबा, तुमचं काय? जसं माझं तोंड म्हणजे गावची चावडी! बरं, सरक तिकडं. डॉक्टरणीच्या त्या दाराकडं पाहत बसण्यापेक्षा सांगतो. धोंडबा नाव माझं. नरखेडकडचा. संत्र्याची कलमं बांधतो, नर्सरीतच जन्म गेला. शाळा म्हणशील तं पाटी फुटली अन् तिथंच संपली.

समोरचा दात हालून राहिला होता. मी काय केलं — हसू नको, टाके तुटतील तुझे — कलमाची प्लास्टिकची पट्टी घेतली अन् हालता दात बाजूच्या घट्ट दाताले आवळून बांधला. बसला ना पक्का! मग हिरडी अशी फुगली का बोलू नको, पू यायले लागला, अन् बाजूचाही हालायले लागला. अस्मिताबाई डॉक्टरीण पट्टी काढता काढता म्हणे, 'बाबा, हे कोणी केलं?' म्या म्हणलं, कारागिरानं.

मग तिनं फोटो दाखवला. हिरडीच्या रोगानं दाताखालचं हाडच खाल्लं म्हणे. आता हिरडी उघडते, मुळं खरडते, हाडाचा भुगा भरते, वरून पातळ पडदा टाकून शिवते. मग सहा महिने तिथं हात लावायचा नाही — हाड नवं येते अन् दाताले धरते म्हणे. तुलेही हेच सांगितलं ना? अन् तू गेला आत? खरडताना आवाज येते का गा, डोक्यात? नको, नको सांगू. मान नको हालवू. सांगू नको म्हटलं ना!

सुईले मी भेत नाही. भेव याचं आहे का हे काम मले माहीत आहे. खुंटाची, म्हणजे खालच्या रोपाची, साल उघडायची, संत्र्याच्या फांदीचा डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची, हात लावायचा नाही — तेच ना हे? अन् लोक जुन्या खुंटाकडं बोट दाखवून म्हणत, धोंडबा, यावर डोळा बांधून दे, तं मी सालीले नख मारून आत ओल आहे का पाहत जाओ अन् तोंडावर सांगो — म्हातारा झाला, नाही धरत, उपट अन् चुलीत घाल. आज बाईनं मलेच नख मारलं तं? बाई म्हणते वयाचं काही नाही, फक्त खर्रा सोडा, तंबाखू असली तं काहीच धरत नाही. सोडला म्हटलं. सोडलाच आहे — खिशाकडं काय पाहून राहिला? ते सकाळची पुडी आहे, बसस्टँडवरची. सारी नाही खाल्ली. थोडी. राहवलंच नाही गा! आता तिले सांगितलं तं हाकलून देते, नाही सांगितलं तं धरत नाही, अन् नाही धरलं तं पू तसाच, वासही तसाच —

वासाचं कोण बोललं? मीच? बोललो तं बोललो. नातीचं बारसं होतं खाप्याले. पोरगी माझ्या मांडीवर, मी पापा घ्यायले वाकलो, अन् व्याह्यानं, मारोतरावानं, भर मांडवात तिले ओढून घेतलं — 'राहू द्या धोंडबा, तुमच्या तोंडाच्या वासानं पोरगी बेहोश होईन.' सारे हसले. सून खाली पाहत बसली. तेव्हापासून पोरगी हात करते अन् मी तोंड फिरवतो. तिले वाटत असन आजा रागावला. समजते का तिले काही, एवढीशी ते.

बोलावलं वाटते. हो, हो, आलो! — धर ही पुडी. खाऊ नको, नालीत फेक. बाईले मीच सांगतो आज खाल्ली म्हणून. हाकललं तं आठ दिवसांनी पुन्हा येऊन बसीन इथंच. उठतो गा... हात दे. नको, राहू दे, सोड. जा आता घरी, थंड पेज पी. अन् ऐक — वास खोटा नव्हता, पण बोलायची काही रीत असते का नाही? माझी माफी मागायची राहिली आहे, ते एकट्या मारोतरावानं.