होडीवरचा वायरलेस

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर नाटे गावाला जाणाऱ्या गाडीच्या रांगेत माझ्या पुढे दोघी उभ्या होत्या.

"गोदूकाकी, तुमची सून निशिगंधा होड्यांवर वायरलेस बसवते म्हणं?"

"बसवते तर! पहिला आमच्याच होडीवर बसवलान."

"काकांना पटलं?"

"कसलं गो! अँटेना जोडायच्या आधीच हे माइक घेऊन बोलायला गेले. तिनं तो हातातनं काढून घेतलान. म्हणाली, 'बाबा, आत्ता बटण दाबलंत तर सेट जळेल.' सगळ्या खलाशांसमोर!"

"अगो बाई! मग?"

"दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग गेल्या महिन्यात भर समुद्रात इंजिन बंद पडलं. वारा सुटलेला, मोबाइलला रेंज नाही. यांनी वायरलेसवर हाक मारली, ती ऐकून लांबची एक होडी धावत आली. सात माणसं सुखरूप घरी आली."

"देवाची कृपा."

"देवाची आहेच, सुनेचीही आहे. परवा दुसऱ्या होड्यांचे दोन तांडेल आले, आमच्या होडीवरही सेट बसवून द्या म्हणत. हे दारातच म्हणाले, 'बसा जरा. मॅडम जेवतायत.'"

"सुनेला मॅडम?"

"हो गो! आणि आत येऊन सुरमईची मोठी तुकडी तिच्या ताटात यांनी स्वतः वाढली."