मनगटाचा दोष

बाबांना शॉटगनची काडतुसं हवी होती, म्हणून आम्ही ड्वाइटच्या बंदुकांच्या दुकानात रांगेत उभे होतो. आमच्या पुढे पिस्तूल घेऊन व्हर्नाबाई होत्या, आणि काय सांगू, मी कानच टवकारले!

“गेल्या महिन्यात तूच विकलंस हे मला. पोकळ टोकाची गोळी आत जातानाच अडकते, ड्वाइट.”

“पिस्तूल उत्तम आहे, मॅडम. तुमचं मनगट ढिलं पडतंय, म्हणून गोळी अडकते. बायकांचं होतं असं.”

“परवा याच मनगटाने मी गाईचं अडलेलं वासरू ओढून काढलंय! आणि गोल टोकाच्या गोळ्या कशा धडाधड सुटतात? तेव्हा काय मनगट बदलून येते मी?”

“घट्ट धरून बघा ना जरा.”

“शेजारची दोन घरं फुटलीत. शेरीफला यायला पाऊण तास लागतो. दारातल्या चोराला थांब म्हणू? चल मागे, तूच गोळी झाडून दाखव!”

दोघं मागच्या मैदानात गेले. एक बार ऐकू आला. मग नुसती ड्वाइटची शिवी.

“गोळी नळीत सरकते त्या आतल्या उतारावर तिचं तोंड अडतंय,” परत येत तो पुटपुटला. “घासून गुळगुळीत करून देतो.”

“आत्ता कर. मी इथेच बसते.”

तेवढ्यात आमच्या मागची नर्सच्या कपड्यांतली बाई तरातरा पुढे आली.

“ड्वाइट, मार्चमध्ये मलाही तू मनगटच म्हणाला होतास. कंटाळून मी पिस्तूल तुलाच परत विकलं.”

“असेल, बाई. आता रांगेत—”

“हेच ते,” व्हर्नाबाईंच्या पिस्तुलावर बोट ठेवत ती म्हणाली. “मुठीवरचा हा ओरखडा माझ्या अंगठीचा आहे.”